वाकळीची साक्ष

औंढा नागनाथच्या देवळाची एक कथा महाराष्ट्राला चांगली परिचित आहे. संत नामदेव तेथे कीर्तनाला उभे राहिले असता पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या पाठीमागे जाण्यास फर्मावले. नामदेव मुकाट्याने मागे गेले आणि कीर्तन करू लागले. तेव्हा देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले. दगडी देऊळ खरोखर फिरले की नाही, हा प्रश्न या कथेला विचारण्यात अर्थ नाही. पुढची जागा कोणाची आणि मागची कोणाची, हे ठरवण्याचा माणसांचा अधिकार कथेने काढून घेतला, हे तिचे खरे सांगणे आहे.

मागच्या हिवाळ्यात हे देऊळ पाहून मी परतत होतो. जवळच्या गल्लीत एका ओट्यावर एक वृद्ध बाई वाकळ शिवत बसलेल्या दिसल्या. जुने नऊवारी लुगडे खाली अंथरलेले, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवलेले, आणि मध्ये जुन्या कपड्यांचे थर. मी थांबलो. "आजी, एक वाकळ शिवायला किती दिवस लागतात?" असे विचारले. सुईवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "दिवस कुणी मोजलेत, दादा? घरचं उरकलं की बसायचं." एवढे बोलून त्यांनी पुढचा टाका घातला. ते उत्तर मनातून जाईना. मोजले न गेलेले दिवस म्हणजे कोणते दिवस? आणि ज्या साहित्याला आपण आपले म्हणतो, त्या साहित्याने तरी ते कधी मोजले आहेत काय? प्रस्तुत लेखाचा विषय हा एवढाच आहे.

आपल्या ललित लेखनात गोधडी आली की तिच्या पाठोपाठ 'मायेची ऊब' हे शब्द आल्यावाचून राहत नाहीत. दिवाळी अंकांतील आठवणी, आजीवरचे लेख, शहरात गेलेल्या मुलाच्या कविता, या साऱ्यांत गोधडी एकाच कामासाठी येते. ती लेखकाला पांघरूण घालते. लेखक नेहमी गोधडीच्या आत असतो. तो ती शिवणाऱ्या हातांच्या बाजूला क्वचितच बसतो. या ठराविक वाटेने न जाणारे लेखन अगदीच नाही असे नव्हे. पाठ्यपुस्तकातून मुलांच्या हाती गेलेली कैलास दौंड यांची 'गोधडी' ही कविता घरातल्या माणसांच्या वस्त्रांची आठवण ठेवते, आणि त्यामुळे तिच्यातील माया हवेत तरंगत नाही, कपड्याला धरून राहते. परंतु एकंदरीत पाहता ऊब हा शब्द आपण इतका वापरला आहे की त्याखाली दोन गोष्टी झाकल्या गेल्या: एक श्रम आणि दुसरी टंचाई. मायेमुळे नव्हे, तर नवे पांघरूण घेण्याची ऐपत नव्हती म्हणून घरोघरी वाकळी शिवल्या गेल्या. माया त्या कामात मागाहून मिसळली. ती खोटी नव्हे. पण तिला पहिले कारण मानणे खोटे आहे.

हे काम नीट पाहिले तर त्यात केवढी समज साठवलेली आहे हे ध्यानात येते. लुगडे मध्ये विरले की ते लगेच चिंध्यांत जात नसे. विरलेला मधला भाग कापून काढायचा, आणि उरलेले दोन धड भाग जोडून पुन्हा नेसायचे. या जोडाला दंड म्हणतात. दंड घातलेले लुगडे आणखी विरले की त्याचे परकर, लहान मुलाचे झबले, कुंची, टोपडे होई. तान्ह्या बाळाला नवे कोरे कापड टोचते. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले जुने सुती कापड टोचत नाही, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. तेही फाटले की दुपटे, चौघडी, आणि सर्वांत शेवटी वाकळीचे पोट. वाकळीत वरच्या बाजूला धड तुकडे येतात, आणि ज्यांना दाखवण्यासारखे काही उरले नाही ते आत जातात. मग कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याच्या रांगा एकीच्या आत एक अशा मध्यापर्यंत नेल्या जातात. हा टाका सर्व टाक्यांत साधा. परंतु हजारो वेळा तो घातल्यावाचून थर एकमेकांना धरत नाहीत. म्हणजे एकच वस्त्र चार-पाच जन्म घेते, आणि प्रत्येक जन्मी त्याला कोणीतरी बाई हाताने नवे रूप देते.

ही समज ज्या लेखनाला आहे ते लेखन आणि ज्याला नाही ते लेखन, यांतील फरक लहान नसतो. याचे उदाहरण आपल्या नित्य ऐकण्यातलेच आहे. जुन्या वस्त्राला ठिगळ लावण्याचा येशूचा दाखला मार्क, मत्तय आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत येतो. मार्क व मत्तय यांच्याकडे तो असा आहे: कोऱ्या, न आटलेल्या कापडाचे ठिगळ जुन्याला लावले तर ते पुढे आटते, जुन्याला ओढते आणि फाटलेले अधिक फाटते. येथे कापडाचा स्वभाव जाणणारा माणूस बोलतो आहे. तो सुई हाती धरणाऱ्यांच्या घरात वाढला असावा, असेच वाटत राहते. लूकने मात्र दाखल्याची घडण बदलली. त्याच्याकडे नव्या वस्त्राचा तुकडा फाडून जुन्याला लावला जातो. त्यामुळे नवेही फाटते आणि ठिगळही जुन्याशी जुळत नाही. विचार नीटस आहे, नव्या-जुन्याचा विरोध अधिक ठसठशीत झाला आहे. परंतु कापडाचे आटणे त्यातून निघून गेले. ठिगळासाठी धड नवे वस्त्र फाडणारी गृहिणी कोणत्या गावात भेटेल? धर्मोपदेशाच्या दृष्टीने दोन्ही पाठांचे मोल सारखेच असेल. साहित्याचा वाचक म्हणून मला मार्कचा पाठ अधिक सच्चा वाटतो, कारण त्याचा अर्थ कापडातूनच निघतो, कापडावर बाहेरून लादला जात नाही.

याच कसोटीवर आपल्या मराठवाड्याच्या दोन संतकवींकडे पाहावे. औंढ्यापासून फार दूर नसलेले नरसी हे नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा सांगते. जनाबाईंचे गंगाखेड शेजारच्या परभणी जिल्ह्यात आहे. नामदेव जातीने शिंपी. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. त्यांतील एका पदात त्यांनी आपल्या धंद्याची हत्यारे भक्तीच्या कामाला लावली आहेत. मन हा त्यांचा गज होतो, जीभ कातर होते, आणि शेवटी सुई सोन्याची व दोरा रुप्याचा होतो. रूपक अत्यंत देखणे आहे. ज्या धंद्याला समाज हलका म्हणत होता, त्याची भाषा त्यांनी परमार्थाच्या भाषेत नेऊन बसवली, हे त्यांचे धैर्यही थोर आहे. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. सोन्याच्या सुईने कोणी वाकळ शिवत नाही. रूपक जसजसे वर चढत जाते, तसतशी लोखंडाची सुई आणि तिने भोके पडलेले बोट मागे राहते.

आता नामदेवांच्या घरच्या दासीकडे, जनाबाईंकडे वळू. त्यांच्याभोवती जी कथा गुंफली गेली तीत वाकळ ही रूपक म्हणून येतच नाही. ती खरोखरची वाकळ आहे. महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथात ही कथा विस्ताराने सांगितली आहे. पांडुरंग रात्री जनीच्या झोपडीत येतो. पहाटे काकडआरतीची वेळ होते तेव्हा तो लगबगीने निघतो, आणि त्या घाईत आपले अलंकार व शेला तेथेच विसरून जनीची वाकळ पांघरून राउळात उभा राहतो. पुजारी दार उघडतात. देवाच्या अंगावर दासीची वाकळ! आणि पदक कुठे गेले? संशय थेट जनीवर येतो. झोपडीत पदक सापडते. तिला सुळावर देण्यासाठी नेले जाते, आणि शेवटी त्या सुळाचेच पाणी होते.

कीर्तनांतून ही कथा ऐकताना श्रोत्यांचे डोळे पाणावतात ते देवाच्या भक्तवत्सलतेने. तो रस खरा आहेच. परंतु कथेचा मधला भाग सावकाश वाचला, तर तिच्यात एक विलक्षण कठोर निरीक्षण दडलेले दिसते. देवाच्या अंगावरची वाकळ हा खरे तर जनीच्या बाजूचा पुरावा आहे. ज्याने वाकळ घेतली त्यानेच अलंकार ठेवले, इतके साधे हे गणित आहे. जनीची वस्तू देवाकडे आहे आणि देवाची जनीकडे; याला चोरी म्हणत नाहीत, अदलाबदल म्हणतात. पण पुजाऱ्यांच्या हिशेबात पदकाची किंमत आहे, वाकळीची नाही. म्हणून पदक 'गेले' असे होते आणि वाकळ 'आली' असे होत नाही. दरिद्री बाईच्या हातचे काम समोर, खुद्द देवाच्या अंगावर असतानाही कोणी ते वाचू शकत नाही. साक्ष उभी आहे, परंतु साक्षीची भाषा जाणणारा न्यायाधीश नाही. वाकळ शिवणाऱ्या बाईच्या वाट्याला आलेल्या अन्यायाचे यापेक्षा नेमके वर्णन मला मराठीत ठाऊक नाही. आणि येथे उबेची भाषाही नव्याने कळते. ऊब दासीने पांघरली, ऊब देवानेही पांघरली; दंड मात्र तिलाच झाला.

येथे कोणी म्हणेल की चिंध्यांचा आपल्या परंपरेने गौरवही केला आहे. ते खरे आहे. संत गाडगेबाबांना (1876–1956) लोक गोधडेबुवा म्हणत ते त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळेच. असिसीचे संत फ्रान्सिस तर कापडाच्या व्यापाऱ्याचे पुत्र. बापाचे उंची कपडे त्यांनी बिशपांसमोर उतरवून दिले, आणि त्यांचा म्हणून जपलेला ठिगळांचा झगा असिसीत आजही यात्रेकरूंना पाहायला मिळतो. बौद्ध भिक्षूंच्या परंपरेत टाकून दिलेल्या चिंध्यांच्या चीवराला पांसुकूल असे स्वतंत्र नाव आहे. परंतु या साऱ्यांनी चिंध्या निवडल्या होत्या. निवडलेल्या चिंध्यांवर साहित्य उदंड आहे. लादलेल्या चिंध्यांवर फार थोडे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत असा नियम आहे. म्हणजे दुसऱ्याचे जुने वस्त्र अंगावर असणे ही एका समाजासाठी सक्तीची खूण होती. महाड येथे 25 डिसेंबर 1927 रोजी या ग्रंथाचे दहन झाले. त्यानंतर तेथे जमलेल्या स्त्रियांना डॉ. आंबेडकरांनी लुगडे नेसण्याची आणि दागिने घालण्याची रीत बदलण्यास सांगितले, कारण त्या रीतीवरून अस्पृश्यता दुरूनच ओळखू येत असे. वस्त्र हा केवळ अंग झाकण्याचा विषय नाही हे त्यांनी नेमके ओळखले होते. म्हणून जुन्या कपड्यांच्या हस्तकलेचे गोडवे गाण्यापूर्वी हे विचारले पाहिजे की ती जुनी वस्त्रे कोणाची, ती कोणी कोणाला दिली, आणि घेणाऱ्याला नाही म्हणता येत होते काय.

याचा अर्थ ही कला केवळ दारिद्र्याची निशाणी आहे असा नव्हे. तसे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय ठरेल. टंचाईतही ज्या हातांनी आपली निवड केली त्यांचे उदाहरण आपल्या सीमेलगतच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या भागांत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून ज्यांना गुलाम म्हणून गोव्यात आणले, त्यांतील अनेक जण निसटून या जंगलांत आले. आजचे बरेच सिद्दी त्यांचे वंशज. त्यांत कॅथलिक आहेत, हिंदू आहेत, मुसलमानही आहेत. या तिन्ही घरांतील स्त्रिया जुन्या कपड्यांचे कवंद शिवतात, तेही कडेपासून मध्याकडे. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुले लावल्यावाचून कवंद पुरे झाले असे त्या मानत नाहीत. ऊब देण्यासाठी त्या फुलांचा काहीएक उपयोग नसतो. कॅथलिक घरांतील काही कवंदांवर रंगीत तुकड्यांचे क्रूस दिसतात. हेन्री जॉन ड्रूवल या अमेरिकन कलाभ्यासकाने या कवंदांचा बारकाईने अभ्यास केला आणि ती प्रदर्शनांतून परदेशी रसिकांसमोर मांडली. एका बाईचे कवंद दुसरीच्या कवंदापासून वेगळे ओळखता येते, हे त्यामुळे दूरच्या लोकांनाही कळले. ते फूल म्हणजे सही आहे. गरज संपते तेथे ते सुरू होते, आणि कलाही तेथेच सुरू होते.

आपल्या वाकळींवरही अशा सह्या असतात. औंढ्याच्या त्या आजींनी वाकळीच्या मधोमध लाल खणाचा एक चौकोन बसवला होता. तो तेथेच का, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते. वाचक म्हणून माझी ती चूक झाली. कवितेत एखादा शब्द अनपेक्षित जागी आला तर आपण थांबतो. कापडात आला तर का थांबत नाही?

जनीच्या कथेत जी साक्ष कोणी ऐकली नाही ती ऐकली गेल्याचे एक चित्र प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात आहे. यापो गावात तबिथा, म्हणजेच दुर्कस, नावाची एक शिष्या मरण पावते. पेत्र येतो तेव्हा गावच्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात, आणि दुर्कसने त्यांच्यात असताना शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात. त्या तिच्या गुणांचे वर्णन करीत बसत नाहीत. कपडे पुढे करतात. लेखकाने तिच्या तोंडी एकही वाक्य घातलेले नाही. तिचे चरित्र म्हणजे ते शिवलेले कपडेच. आणि पेत्राचा मोठेपणा असा की तो ते पाहतो, मगच पुढे होतो. पुजाऱ्यांनी पदक पाहिले. पेत्राने शिवण पाहिली. चांगल्या समीक्षकाची याहून निराळी व्याख्या मला करता येणार नाही.

आज गोधडीला बरे दिवस आले आहेत असे म्हणतात. शहरांतल्या प्रदर्शनांत ती हस्तकला म्हणून टांगली जाते, तिच्या तुकड्यांची जाकिटे आणि झोळ्या शिवल्या जातात, आणि कापड वाया जाऊ न देण्याचा विचार नव्या पिढीलाही पटू लागला आहे. याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु टांगलेल्या वस्तूखाली बहुधा दुकानाचे नाव असते, शिवणारीचे नसते. तिला किती मिळाले हे तर नसतेच. देवळाच्या पुढे काय आणि मागे काय, हा औंढ्याचा जुना प्रश्न येथे नव्या वेशात उभा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या धर्मग्रामांत वर्षातून एकदा तरी जुने कपडे गोळा केले जातात. ते देताना आपण सहसा काय देतो? बटणे तुटलेले सदरे, रंग गेलेल्या साड्या, घाम न टिपणारे आणि वाकळीच्या पोटातही नीट न बसणारे कृत्रिम धाग्यांचे कपडे. दंड घालून, बटण लावून, धुऊन, घडी करून दिलेले वस्त्र घेणाऱ्याचा मान राखते. गाठोड्यात कोंबलेले वस्त्र त्याला त्याची जागा दाखवते. हे नीतीचे प्रवचन नव्हे. वाकळ वाचता येऊ लागली की एवढे आपोआप दिसू लागते.

आपल्या घरातील माळ्यावर किंवा जुन्या पेटीत एखादी गोधडी असेल, तर ती एकदा उन्हात पसरून पाहावी. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, कोणत्या सदऱ्याचा, हे सांगणारे माणूस घरात असेल तोवर त्याच्याकडून ऐकून घ्यावे, आणि ती कोणी शिवली ते नाव कागदावर लिहून ठेवावे. औंढ्याच्या आजींचे दिवस कोणी मोजले नाहीत, हे त्या मला तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. तो प्रश्न माझ्याकडे आला, कारण लिहिण्याचे काम माझे आहे. वाकळीतले टाके मात्र मोजता येतात. ती साक्ष देण्यास तयार आहे. ऐकणाऱ्यानेच आता पुढे यायला हवे.